काट्यांच्या भिंतीवरून आलेला चोर

डोळे मिटा आणि मनात एक घर बांधा. चारही भिंती उंच, बाहेरच्या अंगाला एकही खिडकी नाही. सगळ्या खिडक्या आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेल्या. चौकात छोटं कारंजं, वर चौकोनी आभाळ. बाहेर पडायला एकच दार, तेही अशा बोळात उघडणारं की जिला पुढे वाटच नाही.

आता त्या घरात स्वतःला नेऊन ठेवा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. काल रात्री तुमच्या आजोबांना पोलीस घेऊन गेले. तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे, पण ती कुणालाही सांगायची नाही असं तुम्हाला बजावलेलं आहे.

जमलं? मग तुम्ही बतूलच्या जागी आहात.

फेझच्या जुन्या शहरातलं हे घर तिच्या आजोबांचं, सिदी अल्लाल यांचं. शिंगाच्या फण्या करण्यात त्यांची हयात गेली. बतूलचे आईबाबा दूर तंजा शहरातल्या कारखान्यात कामाला होते, म्हणून ती इथेच वाढत होती. घरात आणखी दोघं: फदीलाआत्या, जी विधवा होऊन माहेरी आली होती, आणि मुन्सिफकाका, जो एका वकिलाकडे कारकून होता. बतूलच्या वह्यांना कव्हरं काकाच घालायचा, आणि तिच्या नावातलं पहिलं अक्षर इतकं वळणदार काढायचा की बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या.

त्या वर्षी मोठी ईद वसंतात आली होती, नारिंगीच्या फुलांच्या हंगामात. ईदेच्या चौथ्या दिवशी, रात्रीच्या, इशाच्या नमाजानंतर, घर लवकर निजलं. आजोबांची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. बतूलची खोली समोरच्या टोकाला, दारातून आत आल्यावर लागणाऱ्या देवडीपाशी. तिला झोप येत नव्हती. दाराच्या फटीतून चौकातल्या दिव्याची पिवळी रेघ आत आली होती. पाहुण्यांच्या दालनात दोन पुरुष हळू आवाजात बोलत होते. काय ते कळत नव्हतं. चमचा पेल्याला लागला. थोड्या वेळाने पावलं वाजली. मग ती पिवळी रेघ एकदम विझली.

"चोर! बा, चोर आला!" मुन्सिफकाकाची आरोळी अशी घुमली की बतूलच्या दाराची कडी थरथरली. आजोबांचं दार उघडल्याचा आवाज झाला, काहीतरी जड आदळलं, आणि कुणीतरी फरशीवर कोसळलं.

दिवा लागला तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी एक तरुण पडलेला होता. आजोबांच्या हातात खलबत्त्याचा पितळी बत्ता होता. वर गच्चीच्या दाराची कडी मोडलेली होती.

तो तरुण मेला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने डोळेही उघडले नव्हते.

"ऐक," सकाळी फदीलाआत्याने बतूलला स्वयंपाकघरात ओढून, दार लावून सांगितलं. तिचे डोळे सुजले होते. "काल तू काही ऐकलं असशील, तर नाही ऐकलं. कळलं? भिंत चढून आलेल्या चोराला रात्री मारलं तर कायदा घरमालकाला काही करत नाही. पण चहा पाजलेल्या माणसाला मारलं तर आजोबांची हाडं तुरुंगात जातील."

"पण आत्या, आजोबा कधी…"

"मी म्हटलं ना, नाही ऐकलं."

त्या क्षणापासून ते घर बतूलला आवळत चाललं. शाळेला सुट्टी. बोळात माणसं जमलेली. दाराला काकाने आतून अडसर घातलेला. बोलावं तर आजोबा अडकणार, आणि न बोलावं तर रात्रीची ती पावलं कानातून जात नव्हती. 

दुपारच्या नमाजानंतर दार वाजलं.

आलेली बाई पन्नाशीची होती. राखाडी, पायघोळ जेलाबा, पायात साध्या चपला, डोळ्यांवर दोरी बांधलेला चश्मा. तिच्यामागे एक आडवा-उभा माणूस, बगलेत कापडाचं बोचकं घेऊन शिंकत उभा होता.

"मी तूरिया," बाई म्हणाली. "तपासाची कामं करते. हे बुजमा, माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. पोलिसांत शिपाई होते. तुमच्या चौकात जो मुलगा पडला, शुऐब, त्याच्या आईने मला पाठवलंय. इन्स्पेक्टर झगारींची चिठ्ठी आहे."

मुन्सिफकाकाने चिठ्ठी दोनदा वाचली, मग थोर बाईला 'लल्ला' म्हणायचं त्या अदबीने बाजूला झाला. "या, लल्ला. आईचं काळीज आहे, समजतं मला. पण मुलगा चोर निघाला, त्याला आम्ही काय करणार?"

"आई म्हणते, तो सुतार आहे."

"सुतारही चोरी करतात."

"करतात ना," तूरिया म्हणाली. "कारकूनही करतात, आणि माझ्यासारख्या बायकाही करतात. म्हणून तर मी विचारत फिरते."

बुजमा पुन्हा शिंकला. "हॉस्पिटलातून निघाल्यापासून हे चाललंय, लल्ला. हे बोचकं घेतलं आणि नाक वाहायला लागलं."

"काय आहे त्यात?" बतूलने विचारलं. सकाळनंतर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"शुऐबचे कपडे," तूरिया खाली वाकून म्हणाली. "त्याच्या आईने हुंगून पाहिले. म्हणाली, पोर लग्नाहून आल्यासारखं वास मारतंय. नारिंगीच्या पाण्याचा वास, पण त्यात आणखी काहीतरी हिरवं. एकच डाग होता, मानेवर, रक्ताचा. हात मात्र स्वच्छ. 'सुताराचे हात आहेत, रोज एखादी सल तरी असते,' म्हणाली, 'पण काल सुट्टी होती, एक ओरखडा नव्हता.' आई बघ कशी असते. मुलगा बेशुद्ध, आणि ती त्याची बोटं मोजत बसलेली."

फदीलाआत्याने रीत सोडली नाही. घरावर आकाश कोसळलेलं असलं तरी दारात आलेला माणूस पाहुणा. दालनात नेऊन तिने लांब मानेच्या चांदीच्या झारीतून दोघांच्या हातांवर आणि खांद्यांवर नारिंगीचं पाणी शिंपडलं.

बुजमा सलग चार वेळा शिंकला.

"अहो, हे काय," तूरिया म्हणाली. "लग्नांत तर तुम्ही स्वतःहून पुढे होऊन अंगावर घेता."

"तीस लग्नं खाल्ली असतील मी यंदा. एकदा शिंकलो नाही."

आत्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर पुसटसं समाधान आलं. "माझं पाणी वेगळं आहे. मी भट्टी लावताना फुलांत जिरेनियमची पानं टाकते. आमच्या सासूची युक्ती. या भागात दुसरं कुणी टाकत नाही. कुणाकुणाच्या नाकाला चालत नाही ते."

तूरियाने दालनात नजर फिरवली. "ही झारी इथेच असते?"

"इथेच. आल्या पाहुण्याला द्यायला."

"काल त्या मुलाजवळ तुम्ही गेला होतात?"

"मी? परक्या माणसाजवळ? मी वरच्या सज्जात उभी राहून रडत होते. पोलीस आले, तेच त्याला घेऊन गेले."

"बत्ता आजोबांच्या खोलीत कसा गेला? बत्ता तर स्वयंपाकघरातला."

"तेच ना," आत्या म्हणाली. "ऐन ईदेत मसाला कुटायचा खोळंबा. पंधरा दिवसांपूर्वी मुन्सिफने नेऊन बाच्या उशाशी ठेवला. चोरांचा सुळसुळाट झालाय म्हणाला. बाला वकिलाच्या पुस्तकातलं वाचूनही दाखवलं, की रात्री घरात घुसणाऱ्याला मारलं तर गुन्हा नाही. बा म्हणाले, अरे, मी शिंगं कापतो, माणसं नाही."

मुन्सिफकाका हे सगळं दारात उभा राहून ऐकत होता. तूरिया त्याच्याकडे वळली. "तुम्ही काल कुठे होतात?"

"वर, माझ्या खोलीत. बिछान्यात. गच्चीची कडी मोडल्याचा आवाज आला, मी ओरडलो, तोवर तो खाली पोचला होता. अंधारात बाने वार केला. एकच."

"दिवे कुणी घालवले?"

"चोराने. दुसरं कोण?"

"वीज बंद करायचा खटका कुठे आहे?"

"देवडीत. पुढच्या दारापाशी."

"हं. शुऐबला आधी कधी पाहिलं होतं?"

"कधीच नाही," काका शांतपणे म्हणाला. मग त्याने बतूलच्या डोक्यावर हात ठेवला. "पोर घाबरलीय. तिला यात नका ओढू. ती झोपली होती."

हात ऊबदार होता, नेहमीसारखा. तरी तो डोक्यावरून केव्हा निघतो असं बतूलला झालं.

गच्चीवर जायची वेळ आली तेव्हा काका खालीच थांबला. फेझमध्ये गच्ची बायकांची. वाळवणं, धुणी, शेजारणींच्या गप्पा, सगळं तिथे. घरातला पुरुष बोलावल्याशिवाय वर जात नाही. बुजमाला तूरियाने हाताला धरून नेलं. "हे माझे ओझं वाहायचे गाढव आहेत, गाढवाला पडदा नसतो," ती म्हणाली, आणि आत्याला त्या दिवसात पहिल्यांदा हसू फुटलं.

वर दोऱ्यांवर मीठ-मसाला लावलेल्या मांसाच्या पट्ट्या वाळत होत्या. खाली दोन मेंढ्यांची कातडी खडेमीठ चोळून पसरलेली. आणि शेजारच्या घराला लागून असलेल्या एकुलत्या बुटक्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोराटीच्या काट्यांच्या फांद्या रचलेल्या होत्या. बाकी तिन्ही बाजूंना खाली तीन मजल्यांचा सरळ कडा.

"हे काटे कधीचे?" तूरियाने विचारलं.

"कालचे," बतूल म्हणाली. "मांजरं मांस पळवतात म्हणून. आजोबांनी बाजारातून गाढवावर आणले. मी, आत्या आणि आजोबा, तिघांनी रचले. आजोबांच्या बोटात काटा गेला, आत्याने चिंधी बांधली."

"त्या चिंधीवरून इन्स्पेक्टरने लिहिलंय की झटापट झाली," बुजमा पुटपुटला.

भिंतीपलीकडून एक टोपी वर आली. तिच्याखाली सी मख्लूफ, शेजारचे म्हातारे शिंपी. बायको वारल्यापासून त्यांची गच्ची त्यांचीच होती.

"काट्यांचीच चौकशी करताय ना? करा. काल सूर्य मावळायच्या आत माझ्या मांजराचा पंजा फाटला. अल्लालला म्हणावं, माणसाला मारलंस तेव्हा निदान पोलीस आले, माझ्या मांजरासाठी कोण येणार?"

"रात्री काही ऐकलंत?"

"चोर चोर ऐकलं. त्याआधी काही नाही. आणि चोरांचं म्हणाल, तर तीन आठवडे नुसतं कानावर येतंय. कुणाचं घर फुटलं विचाराल तर एक नाव कुणाला सांगता येत नाही. मला मुन्सिफने सांगितलं. न्हाव्याला मुन्सिफने. पाववाल्याला न्हाव्याने."

"मुन्सिफचं बरंच चालतं म्हणायचं इथे."

"चालणारच. आमच्या छोट्या मशिदीचं काम तोच बघतो. दोन महिन्यांपूर्वी मिहराबच्या कोनाड्याजवळची देवदाराची जुनी कोरीव फळी साफ करायला घेऊन गेला होता. काय चकचकीत करून आणली. तीनशे वर्षांची फळी, काल झाड तोडलंय असं वाटतं." त्यांनी दोघांना भिंतीवरून, काटे चुकवत, आपल्या झारीतलं पाणी शिंपडलं. "घ्या. शेजारधर्म."

बुजमाने रुमाल तयार ठेवला होता. शिंक आली नाही.

तूरियाने त्याला मशिदीकडे पिटाळलं. तो अर्ध्या तासात घाम पुसत परत आला. "फळी छान आहे. विशेष काही नाही. बोट लावलं तर बोटाला जरा तेल लागलं. वास मात्र मस्त, नव्या पेटीसारखा."

"बुजमा," ती म्हणाली, "तुमचं नाक कितीही वाहिलं तरी माझ्यापाशी राहू द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे चहा घ्या."

मग ती बतूलजवळ, कारंज्याच्या काठावर येऊन बसली. 

"लल्ला," बतूलनेच विचारलं, "घरात आलेल्या माणसाला मारलं तर आजोबांना सोडतात का?"

"कायदा तीन गोष्टी विचारतो. धोका त्याच क्षणी अंगावर आला होता का? दुसरी वाट होती का? आणि वार गरजेपुरताच होता, की राग काढलेला? पण रात्री कुणी भिंत चढून, दार मोडून घरात शिरला, तर कायदा आधीच घरमालकावर विश्वास ठेवतो. अंधारात उशीवरून उठलेल्या माणसाने मोजमाप करत बसावं असं तो म्हणत नाही."

"आणि तो माणूस चोर नसेलच तर?"

"तर मारणाऱ्याला काय वाटलं होतं, ते बघावं लागतं. खरंच भ्याला असेल, आणि भ्यायला कारण असेल, तर न्यायाधीश तेही ऐकतो. म्हणून खरं काय घडलं ते त्याच्यापर्यंत पोचायला हवं. अर्धवट खरं पोचलं तर ते कधी या माणसाला बुडवतं, कधी त्या." तिने चश्मा पुसला. "मी तुला काही विचारणार नाही. काय करायचं ते तू ठरव."

 बतूलला बोलावं असं वाटलं, पण तेवढ्यात आत्या जिन्यात दिसली, आणि शब्द परत आत गेले.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर इन्स्पेक्टर झगारी आले. घटना जशी घडली तशी पुन्हा करून दाखवायची, अशी पोलिसांची पद्धत. सोबत दोन शिपाई, एक लिहून घेणारा हवालदार, आणि मधोमध आजोबा, हातात बेड्या. बतूल त्यांच्याकडे धावली, पण शिपायाने हात आडवा धरला.

"लल्ला तूरिया," झगारी म्हणाले, "उद्या सकाळी सरकारी वकिलापुढे कागद जातील. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आज म्हणा."

"म्हणते. सगळे बसलात तर बरं. सी मख्लूफ, तुम्हीसुद्धा, दारातून काय बघताय."

ती जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली.

"आपण असं धरू, की चोर शेजारच्या गच्चीवरून आला. दुसरी वाटच नाही. म्हणजे तो बोराटीच्या काट्यांवरून आला. एक फांदी हललेली नाही. मांजराचा पंजा फाटला, पण या चोराच्या हातावर ओरखडा नाही. त्याच्या आईने बोट न् बोट पाहिलं. पुढे बघा. तो जिन्याने खाली आला, अख्खा चौक ओलांडून पुढच्या देवडीत गेला, खटका कुठे आहे ते परक्या घरात शोधून दिवा घालवला, आणि मार खायला पुन्हा जिन्यापाशी येऊन उभा राहिला. असा चोर मी पाहिला नाही. बुजमा, तुम्ही पाहिलात?"

"तीस वर्षांत नाही."

"मग शुऐब आला कुठून? दारातून. चोर म्हणून नाही. बुजमांना अंगावर नारिंगीचं पाणी घ्यायची सवय आहे, ते शिंकत नाहीत. सी मख्लूफच्या पाण्याने शिंकले नाहीत. फदीलाच्या पाण्याने शिंकले, कारण त्यात जिरेनियम आहे. आणि शुऐबच्या कपड्यांनी शिंकले. काल हेच पाणी, या दालनातल्या झारीतून, कुणीतरी त्याच्या खांद्यांवर शिंपडलं. फदीला त्याच्याजवळ गेली नव्हती. इन्स्पेक्टर, चोराच्या अंगावर पाणी शिंपडून कुणी त्याचं स्वागत करतं का?"

फदीलाआत्याने चेहरा झाकला. "दोन पेले होते," ती ओढणीआडून म्हणाली. "सकाळी दालनात. तळाशी पुदिना. मी धुऊन टाकले. मला वाटलं, बाने कुणालातरी… मी पोरीलाही गप्प बसवलं."

"तुम्ही भ्यालात," तूरिया म्हणाली. "पण पाहुणा सिदी अल्लालांचा नव्हता. कसं ते सांगते. ज्याने गच्चीची कडी मोडली, त्याला चोर वरून आला असं दाखवायचं होतं. भिंतीवर काटे आहेत हे ठाऊक असतं, तर त्याने ती वाट निवडलीच नसती. काटे कुणाला ठाऊक होते? सिदी अल्लालांना, त्यांनीच आणले. बोटाची चिंधी झटापटीची नव्हे, त्याचीच. फदीलाला. बतूलला. सी मख्लूफना आणि त्यांच्या मांजराला. घरात एकच माणूस उरतो, जो गच्चीवर पाऊल टाकत नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. मुन्सिफकाका हसला, पण ओठांनीच.

"छान गोष्ट आहे, लल्ला. मी ज्याला ओळखत नाही त्याला मी का बोलावू?"

"मशिदीतली फळी. शुऐबच्या आईने मला सांगितलं, मुलाने या मशिदीतल्या जुन्या फळीची हुबेहूब नक्कल कोरली होती. महिनाभर धड जेवत नव्हता. 'माझ्या हातून घडलं ते मला मोडायचंय' म्हणत होता. तीनशे वर्षांच्या देवदाराला वास उरत नाही, बोटाला तेल लागत नाही. भिंतीवर नक्कल आहे. खरी फळी तुम्ही बाहेर विकलीत, आणि नक्कल कशासाठी हवी होती ते शुऐबला उशिरा कळलं. त्याने तुम्हाला ती परत आणायला सांगितलं. मग तुम्ही तीन आठवडे चोर पेरलेत, बापाच्या उशाशी बत्ता ठेवलात, त्यांना कायदा वाचून दाखवलात. काल शुऐबला चहाला बोलावलंत, जिन्यापाशी उभं केलंत, देवडीत जाऊन खटका बंद केलात आणि ओरडलात. बाकीचं काम म्हाताऱ्याच्या भीतीने केलं. त्या गोंधळात अंधारातच धावत वर जाऊन कडी मोडलीत, आणि मग खाली येऊन दिवा लावलात. घराचं रक्षण करायला लोकांनी जो कायदा केला, तोच तुम्ही हत्यार म्हणून वापरलात. एकच गोष्ट हातून राहिली. पाहुणा समोर बसला, आणि हात आपोआप झारीकडे गेला. या शहरात वाढलेल्या माणसाला ते टाळता येत नाही."



"बा, ऐकू नका," काका म्हणाला.

आजोबा त्याच्याकडे एकटक पाहत होते. "मुन्सिफ," ते हळू म्हणाले, "माझ्याच घरात चहा प्यालेल्या पोराला तू मला मारायला लावलंस?"

 काका इन्स्पेक्टरकडे वळला. "यात पुरावा कुठला? नाक? काटे? फळी मी विकली असेन किंवा नसेन, तो वेगळा मामला. काल मी वर झोपलो होतो."

झगारींनी कपाळ चोळलं. "त्याचं खरं आहे, लल्ला. शिंक काही न्यायालयात साक्ष देत नाही. कुणीतरी ऐकलेलं, पाहिलेलं लागेल."

"कुणी ऐकलं नाही," आजोबा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "लिहा साहेब. मी मारलं. मीच बोलावलं, मीच मारलं. माझं आयुष्य होऊन गेलंय. त्याचं अजून आहे."

"बा," फदीलाआत्या हुंदका देत म्हणाली.

हवालदाराने लेखणी उचलली आणि इन्स्पेक्टरकडे पाहिलं. काकाने डोळे मिटून घेतले होते. ते उघडून तो बतूलकडे बघून हसला, वहीला कव्हर घालून झाल्यावर हसायचा तसाच.

"आणि हिला मध्ये आणू नका," तो म्हणाला. "ही झोपली होती. हो ना, बतूल?"

"अकरा वर्षांच्या मुलीला शपथ देत नाहीत," झगारी म्हणाले, "पण ती बोलली तर लिहून घेतात. नाही बोलली तर नाही."

आत्याने मान हलवली, बोलू नकोस अशी. आजोबांनी बेड्या घातलेले हात किंचित वर केले, तेही तसंच सांगत होते.  तूरियाने मात्र पाठ फिरवली होती.

बतूल उठली. शिपायाने पुन्हा हात आडवा धरला, त्याखालून ती वाकून गेली, पण आजोबांकडे गेली नाही. हवालदारासमोरचं रिकामं स्टूल तिने ओढलं आणि त्यावर बसली. पाय जमिनीला पुरत नव्हते.

"नाव?" हवालदाराने विचारलं.

तिने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वय सांगितलं. शेवटचं अक्षर कागदावर उमटेपर्यंत ती थांबली.

"मी झोपले नव्हते," ती म्हणाली. "आधी दालनात दोन माणसं बोलत होती. मग पावलं माझ्या दारावरून देवडीकडे गेली आणि दिवा गेला. काका वर नव्हता. तो ओरडला तेव्हा माझ्या दाराला लागून उभा होता. माझी कडी हलली." तिने हवालदाराच्या कागदाकडे बोट केलं. "आजोबा 'मीच बोलावलं' म्हणताहेत ते खोटं आहे. ते खोडा. आणि हे लिहा."